आरसीवर पेट्रोल, डिकीत सीएनजी

साताऱ्याच्या एका गृहस्थांचा प्रश्न आहे. पाच आठवड्यांपूर्वी त्यांनी पुण्यातल्या एका यार्डातून २०१८ ची पेट्रोल हॅचबॅक घेतली, चार लाख साठ हजारांना. गाडीत सीएनजी किट, काचांना काळी फिल्म, मोठे अलॉय, गल्ली दणाणून सोडणारा सायलेन्सर आणि डोळे दिपवणारे पांढरे हेडलाइट. डीलर म्हणाला होता, "सगळं पासिंग आहे, निर्धास्त राहा." नाव चढवायला कागद दिले तेव्हा एजंटने दाखवलं की आरसीवर इंधन नुसतं पेट्रोल आहे. त्यातच एका नाक्यावर काळ्या फिल्मचं चलन फाटलं. आता डीलर म्हणतो, "गाडी जशी होती तशी दिली." ते विचारतात, गाडी परत करता येईल का, की गुपचूप सगळं काढून टाकावं?

आधी एवढंच सांगतो, गुपचूप काहीही काढू नका. का ते पुढे येईलच.

माझं गॅरेज आहे, बावीस वर्षं झाली. अलीकडे निम्मा वेळ लोकांबरोबर यार्डात जाऊन जुन्या गाड्या बघून देण्यात जातो. अशा प्रकरणात लोकांचं लक्ष सायलेन्सर आणि काचांवर असतं, कारण पोलीस त्यासाठीच थांबवतात. तुमची खरी अडचण वेगळी आहे. कागदावरची गाडी एक आणि तुमच्या दारातली गाडी दुसरी, आणि या दोघींमधला फरक सध्या तुमच्या गळ्यात आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरचा तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी जुळेनासा होईल असा बदल मालकाला परस्पर करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही केरळच्या एका प्रकरणात हेच ठासून सांगितलं. शिक्षेचं कलम १८२-अ, पोटकलम ४: प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. "प्रत्येक बदलामागे" हे शब्द नीट वाचा. तुमच्या गाडीवर मोजायला बसलं तर एका हाताची बोटं पुरी होतात.

हे कलम बदल करणाऱ्या मालकाला धरतं आणि बदल तुम्ही केलेले नाहीत, हे खरं. पण रस्त्यात गाडी अडवली की पावती चालवणाऱ्याच्या हातात पडते. "साहेब, मी अशीच घेतली" हे वाक्य नाक्यावरचा हवालदार दिवसातून दहा वेळा ऐकतो.

आता तुमच्या प्रश्नातून मला न कळलेल्या तीन गोष्टी. उत्तर बरंचसं त्यांच्यावर अवलंबून आहे.

पहिली: पैसे कुणाच्या खात्यात गेले आणि कागदावर विकणारा म्हणून कुणाचं नाव आहे? हे लोक बघतच नाहीत. बऱ्याच यार्डांत तुम्हाला मिळते ती नुसती डिलिव्हरी नोट. नोटरी केलेला विक्रीचा कागद असतो जुना मालक आणि तुमच्यात, आणि यार्डवाल्याची त्यावर साक्षीदार म्हणून सही असते. पुढे बिनसलं की तो म्हणतो, मी फक्त मधला माणूस. तुमच्याकडे यार्डाच्या नावाचं बिल असेल किंवा त्यांच्या खात्यात केलेला आरटीजीएस असेल, तर ही पळवाट बुजली. अर्धी रक्कम रोख दिली असेल तर ती दिल्याचा पुरावा आजच शोधायला लागा. बँकेतून काढल्याची नोंद, व्हॉट्सअॅपवरचं "मिळाले" एवढं उत्तर, काहीही चालेल.

दुसरी: यार्डाकडे आरटीओचं प्राधिकारपत्र आहे का? १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांसाठी केंद्राचे नियम लागू आहेत. मालक गाडी विक्रेत्याच्या ताब्यात देतो तेव्हा फॉर्म २९-सी ने आरटीओला ऑनलाइन कळवायचं, आणि तिथून पुढे ती विकली जाईपर्यंत विक्रेत्यालाच मालक मानलं जातं. कागदपत्रांची जबाबदारीही त्याच्याकडे जाते. तुमच्या गाडीचं २९-सी झालं असेल तर "जशी होती तशी" म्हणणारा माणूस स्वतःच मानीव मालक होता. झालं नसेल आणि तुम्हाला नुसते सही केलेले मालकी बदलाचे कोरे २९ आणि ३० नंबरचे फॉर्म मिळाले असतील, तर तीही त्याच्याविरुद्ध वापरता येणारी गोष्ट आहे.

तिसरी: "सीएनजी पासिंग आहे" हे तो कुठे लिहून बसला आहे का? जाहिरातीत, मेसेजमध्ये, बिलावर? जाहिरात अजून असेल तर हे वाचणं थांबवा आणि आधी स्क्रीनशॉट घ्या. तक्रारीचा वास लागला की जाहिरात संध्याकाळपर्यंत उतरते.

हे लिहून घेण्याला एवढं महत्त्व का? त्याच कलम १८२-अ मध्ये विक्रेत्यासाठी वेगळी, जड शिक्षा आहे. बांधणी, उपकरणं, धूर, आवाज यांच्या नियमात न बसणारी गाडी विकली तर गाडीमागे एक लाख दंड किंवा वर्षापर्यंत कैद, किंवा दोन्ही. मात्र तिथेच एक सवलतही आहे. विकताना गाडी नियमात कुठे बसत नाही ते समोरच्याला सांगितलं होतं असं विक्रेत्याने सिद्ध केलं, तर तो सुटतो. थोडक्यात, उद्या तो म्हणणार, "मी यांना सगळं सांगितलं होतं." त्याला उत्तर म्हणून तुमच्याकडे त्याच्याच हातचं "सगळं पासिंग आहे" असायला हवं. जुन्या गाड्यांचा विक्रेता या कलमातल्या "डीलर" शब्दात कितपत बसतो यावर वकील वाद घालतील, त्यात मी पडत नाही. वाटाघाटीत मात्र हे कलम नोटिशीत लिहिलेलं दिसलं की यार्डवाल्याचा आवाज खाली येतो, हे मी पाहिलं आहे.

आता सीएनजी. बाकी सगळं यापुढे किरकोळ आहे.

बाहेरून किट बसवणं बेकायदा नाही. ते किट त्या मॉडेलसाठी, धुराच्या त्या बीएस मानकासाठी मंजूर झालेलं हवं (ही मंजुरी देणाऱ्या संस्थांपैकी एक, एआरएआय, आपल्या पुण्यातच आहे), अधिकृत फिटरने बसवलेलं हवं, आणि नंतर आरटीओत जाऊन आरसीवर चढवलेलं हवं. तुमची २०१८ ची गाडी बीएस-४, म्हणून किटही बीएस-४ साठी मंजूर असलेलं लागेल. जुन्या बीएस-३ गाडीतून काढून दुसऱ्या गाडीत ठोकलेली किटं मी कितीतरी पाहिली आहेत. वरून सगळं सारखंच दिसतं.

त्यातून सिलिंडर. आत वायूचा दाब २०० बारच्या आसपास असतो, गाडीच्या चाकात असतो सुमारे दोन बार. म्हणून गॅस सिलिंडर नियमांप्रमाणे दर तीन वर्षांनी त्याची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाने तपासणी, करावी लागते. ही चाचणी करणाऱ्या केंद्रांना मान्यता देणाऱ्या पेसो या केंद्रीय खात्याचं मुख्यालय नागपूरला आहे. डिकी उघडा, स्टेपनीच्या जागी किंवा आडवा बसवलेला सिलिंडर दिसेल. हातात टॉर्च घ्या. सिलिंडरच्या मानेजवळ, खांद्यावर, पोलादात ठोकलेले आकडे असतात, अनुक्रमांक आणि चाचणीचा महिना-वर्ष. रंगाच्या थराखाली दबलेले असतील तर पेन्सिलीने कागद घासून उमटवा, लहानपणी नाण्यावर करायचो तसं. मग किटबरोबर मिळालेल्या प्रमाणपत्रावरचा नंबर आणि हा नंबर आकड्यागणिक जुळवा.

हे इतकं सांगतोय कारण दोन वर्षांपूर्वी एका ओळखीच्या शिक्षकांच्या गाडीत प्रमाणपत्र, प्लेट, स्टिकर सगळं चोख होतं. घासून बघितलं तर प्लेटवरच्या नंबरात शेवटी ७ आणि सिलिंडरवर १. आधी वाटलं झिजलं असेल. मग चाचणीचं वर्षही जुळेना. प्लेट एका सिलिंडरची, डिकीत सिलिंडर दुसराच. पट्ट्यांखाली, जिथे धातूला पट्टा घासतो तिथे, नख जाईल एवढा गंज. त्या माणसाची दोन मुलं रोज त्या टाकीला पाठ लावून शाळेत जायची. मी त्यांना त्या दिवशी गाडी गॅसवर घरी नेऊ दिली नाही.

तुम्हीही तेच करा. नंबर आणि तारीख जुळेपर्यंत गाडी पेट्रोलवर चालवा, सिलिंडरचा व्हॉल्व्ह हाताने बंद करून. गॅसचा वास येत असेल तर तेही नको. गाडी मोकळ्यावर उभी करा आणि अधिकृत फिटरला तिथेच बोलवा.

विम्याचं उत्तर कुणालाच आवडत नाही. अपघातात तिसऱ्या माणसाला इजा झाली तर त्याची भरपाई सहसा अडत नाही, कायद्याचा कल त्या जखमी माणसाकडे असतो. फार तर कंपनी आधी भरते आणि मग तुमच्याकडे वसुलीला येते. पण तुमच्या स्वतःच्या गाडीचं नुकसान, विशेषतः आग, आणि पॉलिसीवर सीएनजीचा उल्लेख नाही, तर दावा नाकारायला कंपनीला आयतं कारण मिळालं. शिवाय गाडी विकली की तिची पॉलिसी नव्या मालकाच्या नावावर करून घ्यायला चौदा दिवस असतात. तुमचे पाच आठवडे झाले. म्हणजे आज गाडीला ओरखडा गेला तरी दावा कुणाच्या नावाने करणार हाच प्रश्न आहे. नाव चढवण्याचा अर्ज घेणाऱ्याने तीस दिवसांत करायचा असतो, तोही काळ उलटला. या दोन्हींचा उशीर नोटिशीत डीलरच्या खात्यावर लिहा, कारण अडलं ते त्याच्या किटपायी.

बाकीच्या गोष्टी भराभर सांगतो.

काळी फिल्म: एप्रिल २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काचेवर कुठलीही फिल्म चिकटवायला मनाई केली. कंपनीची काच पुढे-मागे निदान ७० टक्के आणि बाजूंना ५० टक्के प्रकाश आत सोडणारी असावी लागते. हेअर ड्रायर, ब्लेड आणि एक दुपार, एवढ्यात निघते. आधी फोटो.

हेडलाइट: दिव्यांपेक्षा वायर बघा. मूळ हॅलोजन ६०/५५ वॅटचा. त्या खोबणीत जास्त वॅटचा बल्ब किंवा एचआयडी हा प्रखर दिवा घातला असेल तर मागची वायर कापून काळ्या टेपने जोडलेली सापडते. ती टेप कडक, चिकट, तपकिरी झाली असेल तर तिथे उष्णता साचते आहे. जुन्या गाड्यांना आग लागण्याच्या गोष्टींत अशा जोडण्या मला वारंवार भेटल्या आहेत. हे मात्र फोटो काढून लगेच बदलून घ्या, थांबू नका.

अलॉय: मूळ टायर १६५/८० आर १४ असेल आणि आता २०५/५५ आर १६ असेल, तर चाकाचा व्यास ६२० मिलिमीटरचा ६३२ झाला. काट्यावर १०० दिसतात तेव्हा गाडी १०२ ने पळते. हा फरक सोसण्यासारखा, पण चाळीस मिलिमीटर जादा रुंदी स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर कुठे घासते ते बघा. आतल्या प्लास्टिकवर चकाकणारी रेघ दिसली की समजा. त्याच मापाचे साधे अलॉय असतील तर मी त्याचा बाऊ करणार नाही.

सायलेन्सर: आवाजाचं चलन होतं ते आहेच, पण मला भीती कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची, म्हणजे धूर स्वच्छ करणाऱ्या भागाची, वाटते. त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं म्हणून तो काढून विकतात आणि जागी नुसता पाइप टाकतात. चेक इंजिनचा दिवा लागू नये म्हणून मागच्या ऑक्सिजन सेन्सरखाली एक छोटी नळी घालून त्याला लांब बसवतात. गाडी रॅम्पवर चढवली की दोन मिनिटांत दिसतं. हे निघालं तर किंमत बरीच बदलते, कारण कंपनीचा नवा कन्व्हर्टर तुमच्या सगळ्या दंडांच्या बेरजेपेक्षा महाग पडेल.

तर मग करायचं काय? माझा क्रम असा राहील. या आठवड्यात गाडी डीलरशी संबंध नसलेल्या गॅरेजला न्या, रॅम्पवर चढवा, आणि त्यांच्या लेटरहेडवर लेखी अहवाल घ्या: काय बदललं आहे, चेसिस नंबर आरसीशी जुळतो का, सिलिंडरचा नंबर आणि तारीख काय. तारखेसकट फोटो आणि एक अखंड व्हिडिओ. म्हणूनच गुपचूप काढू नका म्हणालो. तुम्ही सगळं उतरवून ठेवलं की गाडी मूळ रूपात आली, आणि डीलर विचारणार, बदल होते कुठे? अहवाल हातात आला की फिल्म खुशाल काढा, रोज चलन कशाला भरायचं?

मग डीलरला लेखी पत्र, ईमेल आणि स्पीड पोस्ट दोन्हीने. फोनवर भांडू नका. त्याची लोकांना गप्प करण्याची हातोटी तिथेच असते. पत्रात दोनच पर्याय द्या: पंधरा दिवसांत गाडी परत घेऊन पूर्ण रक्कम द्या, नाहीतर स्वखर्चाने किट नियमात बसवून आरसीवर चढवून द्या आणि बाकीचे बदल मूळ स्थितीत आणून द्या. तो बहुधा तिसराच पर्याय काढेल, "आमचा एजंट आहे, सेटिंग करून नाव चढवून देतो." नको म्हणा. गाडी पेट्रोल म्हणूनच तुमच्या नावावर झाली आणि डिकीत टाकी राहिली, तर आजवर दुसऱ्याने केलेली लबाडी त्या दिवसापासून तुमची होते.

परतावा मिळेल का? खरं सांगायचं तर पूर्ण रक्कम घेऊन गाडी परत घेणारे यार्डवाले मला बोटावर मोजण्याइतके भेटले. बहुतेक वेळा तडजोड होते. तुमच्या जागी मी असतो तर सिलिंडर आणि कन्व्हर्टर या दोन गोष्टींवर ठरवलं असतं. दोन्ही ठीक, किट बीएस-४ साठी मंजूर, फिटरची कागदपत्रं मिळण्याजोगी, तर गाडी ठेवून सगळा खर्च त्याच्याकडून घेतला असता. सिलिंडरचा नंबर जुळत नसेल तर गाडी परतच. ज्याने प्लेट बदलली त्याने आणखी काय बदललं असेल हे शोधत बसण्यात अर्थ नाही.

तो हलला नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. गाडी स्वतःच्या वापरासाठी घेतली आहे ना, मग तुम्ही ग्राहक. पन्नास लाखांपर्यंतच्या व्यवहाराची तक्रार जिल्ह्यात चालते, पाच लाखांपर्यंत फी नाही, मुदत दोन वर्षं. आणि २०१९ च्या कायद्यामुळे तुम्ही राहता तिथे, म्हणजे साताऱ्यातच दाखल करता येते. पुण्याचे हेलपाटे तुम्हाला नाहीत, पण साताऱ्याचे त्याला पडतील, आणि समझोत्याला येण्याचं हे त्याच्या बाजूचं चांगलं कारण असतं. आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून बघा, काही विक्रेते तेवढ्यानेच हलतात. "जशी आहे तशी" छापलेलं असलं तरी घाबरू नका. गाडीची झीज, जुने टायर, दमलेला क्लच याला ते वाक्य लागू पडेल. इंधनाबद्दल धडधडीत खोटं सांगण्याला ते पांघरूण पुरत नाही.

पोलिसात फसवणुकीची तक्रार करायची का, असंही तुम्ही शेवटी विचारलं आहे. चेसिस नंबरात खाडाखोड निघाली तर त्याच दिवशी करा. तसं नसेल तर आधी वरची वाट चाला. पोलीस चौकीत हे प्रकरण "व्यवहारातला वाद" म्हणून बाजूला पडण्याचीच शक्यता जास्त.

आणि किट काढायचंच ठरलं, तर सिलिंडर भरलेला असताना कुणाला हात लावू देऊ नका. आधी अधिकृत फिटरकडून सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी टाकून गळती बघून घ्या, नंबर-तारीख ठीक असेल तर टाकी रिकामी होईस्तोवर तेवढी गाडी गॅसवर चालवा आणि मग कामाला लावा. नंबर जुळत नसेल तर रिकामी करण्याचं कामही त्या फिटरवरच सोपवा. काढलेला सिलिंडर आणि किट पावतीवर नंबर लिहून घरी आणा. गॅरेजवाला "राहू द्या साहेब, भंगारात देतो" म्हणेल. देऊ नका, आयोगापुढे तोच तुमचा पुरावा आहे.